दुर्गा कोणत्या भाषेत बोलते?

रोह्याला एका स्नेह्यांकडे जाणे झाले. त्यांचा नऊ वर्षांचा नातू थोरल्या भावाच्या संगणकापुढे बसला होता. पडद्यावर एक सडपातळ, चपळ मुलगी हाती त्रिशूळ घेऊन एका प्राचीन वास्तूच्या सज्जांवरून धावत होती आणि असुरांशी झुंजत होती. आम्ही कौतुकाने पाहत उभे राहिलो. मान न वळवता त्याने विचारले, "आजोबा, ही दुर्गामाता आपलीच ना?" आम्ही म्हटले, "आपलीच." त्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, "मग ती इंग्रजीत का बोलते?"

प्रश्न निरागस होता. पण त्याचे उत्तर आम्हांला तत्काळ देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा शोध आहे.

तो मुलगा जो खेळ खेळत होता, त्याचे नाव 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक'. तो घडला पुण्यात. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड या तिघांनी स्थापन केलेल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने तो तयार केला. २०१७ मध्ये 'किकस्टार्टर'वरून जगभरातून लोकवर्गणी गोळा करण्याचा प्रयत्न झाला, तो अपुरा पडला. पैशाची ओढाताण सोसत मंडळी चिकाटीने काम करीत राहिली आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये 'राजी' प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रावर आला, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आणि संगणकावर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक सोहळ्यात पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळासाठी ज्या पाच खेळांना नामांकन मिळाले, त्यांत पुण्याचा हा खेळ होता. एरवी दर क्रिकेट मालिकेची बित्तंबातमी ठेवणाऱ्या आपल्या समाजाला या गोष्टीचा पत्ता किती लागला, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

कथा साधी आहे. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही फिरत्या खेळवाल्यांची मुले. असुर मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो. भावाच्या शोधात निघालेल्या राजीवर दुर्गामातेची आणि भगवान विष्णूंची कृपा होते, त्यांच्याकडून तिला शस्त्रे लाभतात आणि ती महाबलासुराला सामोरी जाते. राजस्थानातील प्रासादांची वास्तुकला आणि पहाडी शैलीतील लघुचित्रे यांच्या अभ्यासातून या खेळातील सृष्टी उभी राहिली आहे. सर्व कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडत जाते. तो संवाद प्रथम आला तो इंग्रजीत. हिंदीतील आवाज पुढच्या सुधारित आवृत्तीत आले. आमच्या छोट्या मित्राच्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर एवढेच. खरे उत्तर मात्र पुढे आहे.

'राजी'सारख्या खेळांवरून अ‍ॅनिमेशन मालिका निघावी, ती जगभर जावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. खेळ खेळणारे काही लाख असतात. मालिका पाहणारे काही कोटी. खेळाला यंत्र लागते, बोटांचे कसब लागते. मालिका आजीच्या मांडीवर बसूनही पाहता येते. जगात हा मार्ग आता चांगला रुळला आहे. अमेरिकेतील 'रायट गेम्स'ने २००९ मध्ये 'लीग ऑफ लेजंड्स' हा खेळ काढला. त्यावरून पॅरिसच्या 'फोर्टिश' या संस्थेने घडवलेली 'आर्केन' ही मालिका २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि पुढच्याच वर्षी तिने अ‍ॅनिमेशनसाठीचा एमी पुरस्कार मिळवला. ज्यांनी तो खेळ जन्मात पाहिला नव्हता, अशांनीही ती मालिका डोळे पुसत पाहिली.

हे कसे घडले, ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. त्या खेळात वाय आणि जिंक्स या दोन लढवय्या मुली होत्या. खेळणाऱ्याला ठाऊक होती ती त्यांची शस्त्रे आणि त्यांची आक्रमणे. मालिकेने त्यांना बालपण दिले, दारिद्र्य दिले, हरवलेले आईबाप दिले आणि एकमेकींपासून दुरावलेल्या बहिणींचे दुःख दिले. खेळातील पात्राजवळ शस्त्र असले की पुरते; मालिकेतील पात्राला घर असावे लागते. खेळावरून मालिका करणे म्हणजे त्या पात्राचे घर बांधणे.

आणि घर म्हटले की भाषा आली, देव्हारा आला, चूल आली, सणवार आले. राजी सकाळी उठून कोणाला नमस्कार करते? गोलू रुसला की ती त्याला काय खाऊ घालते? आई तिला कोणत्या नावाने हाक मारते? खेळात या प्रश्नांची गरज नव्हती. मालिकेत त्यांच्यावाचून एक भागही पुढे सरकणार नाही. म्हणूनच हे घर कोण बांधणार, हा या साऱ्या व्यवहारातला कळीचा प्रश्न आहे. परदेशी वाहिनीच्या कार्यालयात बसलेल्या लेखकाने ते बांधले, तर त्या घराला दारे-खिडक्या असतील. पण उंबरठा नसेल.

ही भीती काल्पनिक नाही. 'पोकेमॉन'चे उदाहरण घ्या. लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद असलेल्या सातोशी ताजिरी या जपानी माणसाच्या कल्पनेतून १९९६ मध्ये हा खेळ जन्मला. १९९७ मध्ये त्यावर मालिका आली आणि तिच्या नायकाला निर्मात्याचेच नाव मिळाले, सातोशी. १९९८ मध्ये मालिका अमेरिकेत गेली आणि सातोशीचा 'अ‍ॅश' झाला. कासुमी 'मिस्टी' झाली, ताकेशी 'ब्रॉक' झाला. पडद्यावर मुले जपानी भाताचे त्रिकोणी मुटके खात असताना संवादात त्यांना गोड डोनट म्हटले गेले! भारतात मालिका आली तीही या अमेरिकी वळणाने. म्हणून आपल्या मुलांना 'अ‍ॅश' ठाऊक आहे. पण ज्याच्या बालपणातून ही सृष्टी उमलली, त्याचे नाव त्याच्याच मानसपुत्रावर राहिले नाही.

यावर कोणी म्हणेल, नावे बदलली म्हणूनच तर ती मालिका जगभर चालली. तसे असते तर पुढचा इतिहास वेगळा घडला असता. 'डीमन स्लेअर' या जपानी कथेत नायक तांजिरो जगभर तांजिरोच राहिला. त्याचा पोशाख, त्याचे भात खाणे, मृतांसाठीची त्याची प्रार्थना, काही बदलले नाही. २०२० मधील त्यावरील चित्रपटाने जगभर विक्रमी उत्पन्न मिळवले आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा पुढचा चित्रपट आपल्याकडे लागला, तेव्हा भारतीय तरुणांनी चित्रपटगृहे भरली. पंचवीस वर्षांपूर्वी जपानी भाताला डोनट म्हणणारे जग आज तो भात ओळखून मागते आहे. जपान बदलला नाही. त्याने जगाची जीभ घडवली.

जगासाठी रूपांतर करायचे, तर काय बदलावे आणि काय बदलू नये? या प्रश्नाचे उत्तर शोधायला टोकियोला जाण्याचे कारण नाही. ते पेणला आहे.

पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे या आसपासच्या गावांत वर्षभर गणेशमूर्तींचे कारखाने चालतात. भाद्रपदातील गणपती परदेशी वेळेवर पोहोचायचे, तर त्यांना आधी काही महिने बोटीने रवाना व्हावे लागते. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस, जेथे जेथे आपला माणूस आहे, तेथे तेथे पेणचा गणपती जातो. या प्रवासासाठी मूर्तिकार कितीतरी तडजोडी करतो. मूर्तीची उंची बेताची ठेवतो. हात, सोंड, आयुधे शरीराला धरून घडवतो, म्हणजे वाटेत धक्क्याने तुटणार नाहीत. खोक्यात पेंढा किती घालावा, याचेही त्याचे शास्त्र ठरलेले असते. मागणीप्रमाणे तो रंगसंगती बदलतो, पगडी किंवा फेटा चढवतो. दूरदर्शनवर खंडोबाची मालिका गाजली तेव्हा खंडोबाच्या रूपातील गणपती आले आणि 'बाहुबली' गाजला तेव्हा त्या थाटाचेही आले. पेणच्या कलावंताला रूपांतर कोणी शिकवायला नको.

पण शेवटी एक काम उरते, ते म्हणजे डोळ्यांची आखणी. ती करणारा हात वेगळा असतो, अनुभवी असतो. मूर्ती लंडनला जायची असो वा लोणेऱ्याला, आखणी तीच. त्या दोन डोळ्यांतून मूर्ती पाहू लागते. गिऱ्हाईक परदेशी आहे म्हणून हातातला मोदक काढून तेथे केकचा तुकडा ठेवावा, असे कोणा मूर्तिकाराला सुचलेले नाही आणि कोणा गिऱ्हाइकाने ते मागितलेलेही नाही. आकार बदलेल, बांधणी बदलेल, पेंढा बदलेल. आखणी बदलणार नाही. खेळावरून मालिका करणाऱ्या प्रत्येकाने हे पेणचे शास्त्र आधी शिकावे, असे आम्हांला वाटते.

पेणहून रेल्वेने निघाले की पुढे रोहे लागते. तेथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. प्रशासन बदलते, पण गाडी तीच, उतारू तेच, डब्यातला माल तोच. या रोह्याशी नाते असलेल्या दोन थोर व्यक्तींचे या निमित्ताने स्मरण होते. पहिले चिंतामणराव देशमुख. बालपण रोह्यात गेलेला हा बुद्धिमान विद्यार्थी पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री झाला. पण याच चिंतामणरावांनी कालिदासाचे 'मेघदूत' मराठी पद्यात आणले, हे अनेकांच्या ध्यानात नसते. 'मेघदूता'चे मराठी अनुवाद अनेकांनी केले. प्रत्येकाची शब्दकळा वेगळी. परंतु यक्षाचा कोणी शेठजी केला नाही आणि अलकानगरीची कोणी मुंबई केली नाही. वाचकाला अपरिचित ते त्याच्या परिचयाचे करून देणे, हे अनुवादकाचे काम. अपरिचित आहे म्हणून ते पुसून टाकणे हे काम नव्हे.

दुसरे पांडुरंगशास्त्री आठवले. त्यांचा जन्म १९२० सालचा, रोह्याचाच. १९५४ मध्ये जपानमधील शिमिझू येथे भरलेल्या जागतिक परिषदेत त्यांनी गीतेचा विचार मांडला. श्रोते प्रभावित झाले. परंतु त्यांनी विचारले, की हा विचार जगणारा समाज आज तुमच्या देशात कोठे आहे? नोबेल पारितोषिकाचे मानकरी आर्थर कॉम्प्टन यांनी त्यांना अमेरिकेत येण्याचे निमंत्रण दिले होते. शास्त्रीजींनी ते नम्रपणे नाकारले, स्वदेशी परतले आणि गावोगावी, कोळीवाड्यांत स्वाध्यायाचे काम उभे केले. पुढे १९९६ मध्ये मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पलटन पुरस्काराच्या रूपाने जग त्यांच्याकडे आले. आपल्या विषयाला हा धडा तंतोतंत लागू पडतो. जगाला दाखवायची गोष्ट आधी घरात जगलेली असावी लागते. जी राजी पेण-रोह्याच्या मुलांना त्यांच्या भाषेत भेटली नाही, ती पॅरिस-न्यूयॉर्कला भेटली तरी पाहुणी म्हणूनच भेटेल.

येथे थोडे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. १९८० च्या दशकात युगो साको या जपानी दिग्दर्शकाने रामायणावर अ‍ॅनिमेशनपट करण्याचे मनात घेतले, तेव्हा वृत्तपत्रातील एका बातमीने गैरसमज होऊन विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाकडे निषेध नोंदवला होता. गैरसमज दूर झाल्यावरही, रामायणासारखा विषय कार्टूनमधून दाखवता येणार नाही या भूमिकेतून तेव्हाच्या सरकारने सहकार्य नाकारले. साको मागे हटले नाहीत. राम मोहन यांच्यासारख्या भारतीय कलावंताला सोबत घेऊन त्यांनी १९९२ मध्ये तो चित्रपट पूर्ण केला. ज्यांनी तो पाहिला, त्यांना त्यातील श्रद्धा जाणवल्यावाचून राहिली नाही. तरीही भारतभरच्या चित्रपटगृहांत तो नव्याने झळकण्यासाठी २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. जे काम एका परक्याने भक्तिभावाने केले, ते आपण संशयाने पाहिले, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. परका हात वाईट, असे आमचे म्हणणे नाही. तो हात साकोंसारखा नम्र आहे, की सातोशीचा अ‍ॅश करणारा आहे, एवढेच पाहायचे.

मात्र दक्षतेलाही जागा आहे. २००९ मध्ये सोनीच्या यंत्रासाठी 'हनुमान : बॉय वॉरियर' हा भारतात तयार झालेला खेळ आला, तेव्हा अमेरिकेतील काही हिंदूंनी आक्षेप घेतला, की खेळणाऱ्याने बटणे दाबून हनुमंताला नाचवावे, हे उचित नव्हे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. देवाने भक्ताला चालवावे, ही आपली धारणा. भक्ताने देवाला चालवणे हा तिचा व्यत्यास. 'राजी'च्या कर्त्यांनी हा पेच अतिशय समंजसपणे सोडवला. त्यांच्या खेळात आपण चालवतो ती एक साधी मुलगी. दुर्गा आणि विष्णू कृपा करतात, मार्ग दाखवतात. आपली हरिकथेची परंपरा नेमकी हीच आहे. मालिका करतानाही हा विवेक सांभाळला, तर कोणाला निषेधाची पत्रे लिहावी लागणार नाहीत.

आता व्यवहाराकडे वळू. आपल्याकडे चित्रे काढणारे हात थोडे नाहीत. दादासाहेब फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी आगकाड्या हलवून पडद्यावर गंमत करून दाखवली होती. तेव्हापासून हे बीज या मातीत आहे. पण आज हे हात बहुतांशी दुसऱ्याच्या कथेला रंग भरतात. २०२५ च्या फेब्रुवारीत 'टेक्निकलर' ही परदेशी कंपनी कोसळली, तेव्हा बंगळूर-मुंबईतील सुमारे ३,००० भारतीय कलावंतांचे काम एका झटक्यात गेले. त्यांनी ज्या चित्रपटांसाठी रात्री जागवल्या, त्यांतील एकाही पात्रावर त्यांचा हक्क नव्हता. मजुरी कितीही चांगली मिळो, साचा ज्याचा त्याचीच मूर्ती. याउलट 'आर्केन' करताना खेळाच्या कर्त्यांनी पात्रांवरील हक्क आणि कथेची दोरी स्वतःच्या हाती ठेवली. जे शहाणपण त्यांना सुचले, ते आपल्याला का सुचू नये?

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. त्याचे आम्ही स्वागत करतो. मात्र हा पैसा केवळ इमारती आणि यंत्रे यांत मुरू नये. तीन गोष्टी आग्रहाने व्हाव्यात. पहिली, ज्या संस्थेला शासनाचे साह्य मिळेल, तिच्या पात्रांचे मूळ हक्क भारतात राहावेत. दुसरी, अशा प्रत्येक मालिकेची संहिता आधी एखाद्या भारतीय भाषेत लिहिली जावी, इंग्रजी अनुवाद नंतर व्हावा. आपल्याकडून निर्माण होणाऱ्या मालिकेत मराठी आवाज पहिल्या दिवसापासून असावा. तिसरी, मूर्तीची घडण संगणकावर करण्याचे शिक्षण पेणसारख्या ठिकाणी मिळावे. ज्या मुलाची बोटे लहानपणापासून शाडूच्या गोळ्यातून सोंडेचे वळण काढतात, त्याला पडद्यावरचा देह घडवायला फार दिवस लागणार नाहीत. त्याने गावातच राहून जगासाठी काम करावे.

पालकांशीही दोन शब्द. खेळ म्हटला की मुलगा बिघडला, ही समजूत आता तपासून पाहायला हवी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी अनेक घरे उद्ध्वस्त केली. केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून त्यांवर बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु जुगार वेगळा आणि कथा वेगळी. २०२५ मध्येच 'महावतार नरसिंह' या अ‍ॅनिमेशनपटाने ३०० कोटींहून अधिक उत्पन्न मिळवले, ते आईबाप मुलांना घेऊन गेले म्हणूनच. मागणी नाही, ही सबब त्या दिवशी संपली. आपला मुलगा काय खेळतो, हे त्याच्या शेजारी बसून पाहा. चांगले असेल तर विकत घ्या, चोरून उतरवू नका. आपल्या कलावंताच्या खेळाचे मोल आपणच दिले नाही, तर उद्या ते दुसरा कोणी देईल आणि मोलाबरोबर मालकीही घेऊन जाईल.

रोह्याच्या त्या घरातून निघताना आम्ही त्या मुलाला सांगितले, "बाळ, दुर्गामाता सगळ्या भाषा जाणते. तिच्याशी बोलणारे जी भाषा बोलतात, तीच ती बोलते." तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "मग आपण तिच्याशी मराठीत बोलू या की!" आमच्या धोरणकर्त्यांना, निर्मात्यांना आणि आपणां सर्वांना याहून अधिक नेमकी सूचना आम्ही करू शकत नाही.